नामालोवेची चौकट

साहेबलोकांनी माझ्या कामात हात घातला की माझं डोकं फिरतं. आमच्या झोंबाच्या आरोग्य केंद्रातून डोंगराखालच्या गावांतल्या, एकाच वर्षी जन्मलेल्या मुलांची दर महिन्याला वजनं घेतात. यंदाचा आलेख मी संगणकावर, आर नावाच्या प्रणालीत काढून ठेवला होता. प्रत्येक गावाची एक चौकट, वर त्या गावाचा कोड. "हे कोड कुणाला कळणार?" असं म्हणत आमच्या प्रमुखांनी, डॉक्टर चिसालेंनी, स्वतःच गावांची नावं ओळीने चिकटवली आणि कागद भिंतीवर लावला.

वजनं घेणारी एनेलेसताई त्या कागदासमोर उभी राहिली ती हलेचना.

"उलेमू, नामालोवे कसं रे इथं?"

नामालोवे तिचं गाव. गेल्या वर्षीच्या वादळात डोंगर खचला आणि ते गाडलं गेलं, तिच्या दोन वर्षांच्या लेकासकट, तियामिकेसकट. आणि इथं त्याच नावाखाली रेघ वर चढत होती.

यंदा नामालोवेची वजनंच नव्हती, म्हणून आरने ती चौकट गाळली होती. डॉक्टरांनी नावं मात्र जुन्या यादीतली, कोडशी न बांधता नुसती ओळीने दिलेली. सगळी एकेक घर सरकली.

"चूक झालीय, ताई. ही म्बिझी गावाची रेघ."

"माहितेय मला. वजनं मीच घेतलीत ना?"

मी एकेक नाव त्याच्या कोडशी बांधलं. रिकामी चौकटही ठेवायला लावली. नामालोवे जागेवर आलं, आत काहीच नाही.

"मोकळी कशाला? वाईट दिसते," डॉक्टर म्हणाले.

"दिसू दे," मी म्हटलं.

जेवणानंतर ताई माझ्या टेबलाशी आली. "तो आधीचा काढ ना परत. नुसता पडद्यावर."

"वेड लागलंय का तुला?"

ती तिथंच बसली. शेवटी मी रिकामी चौकट काढली, नावं कोडपासून सोडवली. ती सरकली आणि नामालोवेची रेघ पुन्हा चढली. शेवटच्या ठिपक्यावर तिने बोट ठेवलं.

"किती?"

"तेरा किलो."

"बघ!" ती हसली. "पेज तोंडातून काढून टाकायचा मेला. आता खातोय."

मला भीती वाटली, खरंच सांगतो. पुढच्या महिन्यात ती म्बिझीची वजनं घेऊन आली. कागद माझ्यापुढे ठेवला, खुर्ची ओढली.

"गावाचं मागनं कर," म्हणाली. "आधी माझ्या तियामिकेचं दाखव."