पापणी मिटा

सोन्याने आईच्या नाकावरचा चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत तिला द्यायचा सोडून आपल्याच खिशात टाकला. मग तिची खुर्ची खिडकीकडे वळवून मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला.

"आई, त्या गोलात चेहरा येऊ दे. हां, अशीच बस. आता पापणी मिट."

आई गोलाकडे बघत राहिली. गोल लाल झाला.

"मिटली नाहीस तू."

"मिटली की."

"ॲपला दिसली नाही."

"पण मिटायची कशाला म्हणते मी?"

"समोर जिवंत माणूस आहे, फोटो नाही, याची त्याला खात्री करून घ्यायची असते."

"जन्मभर मी लोकांचे फोटो काढले," आई म्हणाली, "आणि आता मी स्वतः फोटो नाही हे पटवून द्यायचं. घ्या."

एरवी सोन्या हसला असता. चाळिशी उलटली, डोक्यावर चंद्र उगवायला लागला, तरी आईसाठी तो सोन्याच होता आणि आईच्या विनोदांना हसणं हे त्याचं लहानपणापासूनचं काम होतं. आज मात्र त्याचं लक्ष नुसतं त्या गोलावर होतं. शेअर बाजार पडलेला होता. पडलेल्या बाजारात जो शिरतो तोच कमावतो, हे त्याने स्वतःला इतक्यांदा ऐकवलं होतं की आता दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

आईचा फोटो स्टुडिओ नुकताच विकला गेला होता. तिचे गुडघे चालेनात, आणि पासपोर्टचा फोटोसुद्धा हल्ली जो तो घरच्या घरी काढतो. आलेले पैसे बँकेत तिच्या नावावर पडून होते. 'पडून' हा सोन्याचा शब्द. आईच्या मते ते विश्रांती घेत होते, तिच्यासारखेच.

सोन्याचे स्वतःचे पैसे मात्र आता कुठेच नव्हते. सकाळी शेअर घ्यायचे, दुपारी विकायचे, संध्याकाळी हळहळत बसायचं, असं करता करता घरातली सगळी शिल्लक त्याने बाजारात घालवली होती. खापर फोडलं दलालावर. गार हवेच्या ऑफिसात बसून तो गृहस्थ प्रत्येक व्यवहारामागे आपला टक्का कापून घेई, त्यानेच आपल्याला पोखरलं, असं सोन्याचं ठाम मत. तेव्हा या खेपेला स्वस्तातला दलाल बघायचा, मोबाइलवरचा. एका ॲपमध्ये खातं फुकट उघडत होतं, पण दर वर्षाला पैसे द्यावे लागत. दुसऱ्यात तसं नव्हतं, पण प्रत्येक खरेदी-विक्रीला ठरावीक आकार होता. तिसऱ्यात घेतलेले शेअर जपून ठेवले तर दलाली शून्य. घर घेतानाही माणूस जेवढी चौकशी करत नाही तेवढी करून त्याने तिसरा निवडला. शेअर जपून ठेवणं आपल्याला कधी जमलं होतं का, एवढंच तेवढं विचारायचं राहिलं.

"अरे, बादली गळतेय," बायको आदल्या दिवशी म्हणाली होती, "आणि तू तांब्या बदलत बसलायस."

"आईला काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? त्यांना डोळे नाहीत का?"

तुझ्या नावाने खातं उघडून स्टुडिओचे पैसे बाजारात घालू का, असं त्याने आईला विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "तुझंच आहे बाबा सगळं. कर तुला वाटेल ते." उभ्या जन्मात तिने सोन्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. पत्त्यांत, सापशिडीत ती त्याच्यासाठी मुद्दाम हरायची, आणि ते मुद्दाम आहे हे त्याला कळू द्यायची नाही. एकच खेळ ती हरत नसे. समोरासमोर बसून एकमेकांकडे टक लावून बघायचं, ज्याची पापणी आधी लवेल तो हरला. 'कॅमेऱ्यामागे उभं राहून डोळ्यांना वळण लागलंय,' म्हणायची.

दुसऱ्या खेपेला गोल लाल झाला. तिसऱ्याही खेपेला लालच.

"आई, लक्ष दे ना जरा! आता एकदाच संधी आहे, नाहीतर अर्ज बाद होईल."

"राहू दे आता," बायको दारातून म्हणाली. "दमल्या त्या."

"तू मध्ये पडू नकोस."

त्याने पुन्हा मोबाइल धरला. पडद्यावर अक्षरं आली, 'पापणी मिटा'. या वेळी तो पडद्याकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता. एवढ्या वेळात पहिल्यांदाच.

आईचे डोळे लाल झाले होते. कडांशी पाणी साचलं, भरलं आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरलं. पापणी हलली नाही. मांडीवरचा रुमाल तिने मुठीत गच्च आवळला होता. आणि ती गोलाकडे बघतच नव्हती. मोबाइलच्या वरून थेट सोन्याकडे बघत होती.

सोन्याचीच पापणी लवली.

त्याने मोबाइल खाली घेतला आणि बाजूचं बटण दाबून बंद केला. त्याला लाज वाटली. लाजेच्या पाठोपाठ भीती आली, की आपण घरातली शिल्लक घालवली हे हिला कधीपासून माहीत असेल.

"आई," तो म्हणाला, "मिट आता डोळे. फोन बंद केलाय."

आईने डोळे मिटले. दोन्ही, अगदी सहज. बायको आत निघून गेली आणि स्वयंपाकघरात नळ सुरू झाल्याचा आवाज आला. सोन्याने खिशातून चष्मा काढला आणि तो स्वच्छ असूनही पुन्हा पुसत बसला.

थोड्या वेळाने आईने एक डोळा किलकिला करून मोबाइलकडे पाहिलं. पडदा काळा होता. मग तिने तोही डोळा मिटला.