रविवारी कुणी मेले नाही

विद्यार्थ्यांनी अभ्यास आणि विरंगुळा यांचा समतोल राखावा, असे विद्यापीठाला एके दिवशी वाटू लागले. आणि विद्यापीठाला काही वाटू लागले की त्याची कार्यशाळा होते. बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञाने पडद्यावर एक वर्तुळ दाखवले, त्याचे पाच रंगांचे पाच तुकडे केले आणि हिरव्या तुकड्यावर बोट ठेवून सांगितले की हा तुमचा हक्काचा वेळ. तो कोणाकडे मागायचा, हे सांगितले नाही. वर्तुळात तेवढी जागा नव्हती. हजेरी सक्तीची होती आणि कार्यशाळा रविवारी ठेवली होती.

मागच्या रांगेत वनस्पतिशास्त्राचे दोन संशोधक विद्यार्थी बसले होते. एकीला सगळा विभाग फूटपट्टी म्हणत असे, कारण पहिल्या वर्षापासून तिच्या ॲप्रनच्या खिशातून पोलादी पट्टीचे टोक डोकावत आले होते. दुसरा मामा. तो कुणाचाच मामा नव्हता. प्रबंध लिहिता लिहिता विभागात सात वर्षे काढली, एवढ्या पुण्याईवर त्याला ते नाते चिकटले होते. तुझ्या हिरव्या तुकड्यात काय आहे, असे त्याने हळूच विचारले. काही नाही, ती म्हणाली; रोपांना रविवार कळत नाही.

तिचे काम वरून पाहता बाळबोध होते. काचघरात शहाण्णव कुंड्या. निम्म्यांना नळीने रोज पाणी. उरलेल्या निम्म्या आठवडाभर तहानलेल्या ठेवायच्या आणि शनिवारी सकाळी हाताने पोटभर पाणी घालायचे. रोज सकाळी नऊला प्रत्येक रोपाच्या ठरलेल्या पानाला पट्टी लावायची आणि लांबी वहीत लिहायची. आठ आठवड्यांची एक तुकडी, अशा पाच तुकड्या, तीन वर्षांत विभागलेल्या. तहानलेले रोप पाणी मिळाल्यावर पहिल्याच दिवसात आठवड्याची कसर भरून काढते, असा तिचा कयास होता आणि प्रस्तावात तो तिने ठळक अक्षरांत मांडला होता. म्हणजे शनिवारी पाणी, रविवारी निकाल. सगळा प्रबंध रविवारच्या नऊ ते अकरा या दोन तासांवर उभा राहणार होता, आणि नेमके तेच दोन तास तिने त्या दिवशी मागच्या रांगेत मामाला देऊन टाकले. मामा दर गुरुवारी गावाबाहेरच्या एका कॉलेजात शिकवायला जात असे. त्या दिवशी त्याच्या बियांच्या पेटीचे तापमान कोणीतरी बघायला हवे होते. गुरुवार तुझा, रविवार माझा, असे ठरले. पान कोणीही मोजले तरी तेवढेच भरते, असे शास्त्र सांगते, आणि तिचा शास्त्रावर विश्वास होता.

मग तिला रविवार मिळाला. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर तिची आत्या राहत असे. आत्याचा मुलगा परदेशी गेल्यापासून पत्त्यांच्या डावाला चौथा भिडू उरला नव्हता. आत्या, आतोबा आणि खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका तीन डोकी घेऊन हताश बसत. फूटपट्टी चौथी झाली. सकाळचा नाश्ता उरकला की सतरंजी पसरली जाई आणि पाच वाजेपर्यंत डाव चाले. आत्या दर डावात एक पान मांडीखाली सरकवत असे. हे आतोबांना तीस वर्षे ठाऊक होते, काकांना दहा, आणि फूटपट्टीला पहिल्या रविवारीच कळले. कोणी काही बोलत नसे. आतोबा फक्त चष्मा काढून पुसत. तेवढ्यात आत्याची उलथापालथ होऊन जाई. सोमवारी सकाळी फूटपट्टी काचघरात शिरे तेव्हा तिचा चेहरा धुऊन वाळत घातल्यासारखा दिसे. तीन वर्षे हे असे चालले.

चौथ्या वर्षी ती लिहायला बसली. कयास खरा ठरला होता. रविवारी तहानलेली रोपे अशी काही उसळी घेत की आलेख पाहूनच परीक्षकाने सही करावी. तिच्या मार्गदर्शक मॅडम तो आलेख एका परिषदेत दाखवूनही आल्या होत्या. टाळ्या पडल्याचे त्यांनी स्वतः सांगितले होते. राहिले होते एक किरकोळ परिशिष्ट: कोणते रोप कधी मेले. पाचही तुकड्यांत मिळून एकाहत्तर रोपे दगावली होती. तिने सहज वारांप्रमाणे मांडणी केली. मंगळवार ते शनिवार, प्रत्येक वारी नऊ किंवा दहा. सोमवारी तेवीस. रविवारी एकही नाही.

चाळीस रविवारांत कुणी मेले नव्हते.

तिने वह्या काढल्या. तिच्या हाताची पाने खाडाखोडीने भरलेली होती: पान फाटले, किडा लागला, कुंडी कलंडली, पुन्हा मोजले. मामाच्या हाताची पाने लग्नपत्रिकेसारखी स्वच्छ. एक रोप रविवारी दोन मिलिमीटर वाढले होते आणि सोमवारी वाळून कोळ झालेले सापडले होते. मग तिने ते केले जे संशोधनाचा नाद लागलेले माणूसच करेल: प्रत्येक लांबीचा शेवटचा अंक कोणता, ते मोजले. पट्टीवर शून्याची आणि पाचाची रेघ लांब असते. पाच लांबींत एक तरी त्यांवर संपायची. पण मनाने आकडा लिहिणाऱ्याला शून्य आणि पाच खोटे वाटतात. तो तीन लिहितो, सात लिहितो. पहिले तीन रविवार ठाकठीक होते, पण तेव्हा रोपे रुजत होती, तहान सुरूच झाली नव्हती. पुढच्या सदतीस रविवारांच्या जवळजवळ साडेतीन हजार नोंदींत शून्य आणि पाच मिळून अठ्ठावन्न वेळा आले होते. सातशेच्या आसपास यायला हवे होते.

मामा प्रयोगशाळेत काचेच्या बशा धूत होता. तिने वही उघडून बेसिनच्या कडेवर ठेवली. त्याने नळ बंद केला, हात पुसले आणि वहीकडे न पाहता विचारले, "कशावरून कळलं?"

"रविवारी कुणी मेलं नाही."

"हां," तो म्हणाला. "ते राहिलंच."

मग त्याने सांगितले. बायको परिचारिका, तिला रविवारी सुट्टी नसे. चौथ्या रविवारी मुलगी तापाने फणफणली होती. मुलीला मांडीवर घेऊन त्याने घरी नेलेल्या वहीत शनिवारच्या आकड्यांवरून रविवारचे आकडे लिहिले. एकदाच, असे ठरवून. पण फूटपट्टीच्या सोमवारच्या मोजमापाशी ते बेमालूम जुळले, आणि जे एकदा जुळते ते दुसऱ्यांदा करायला तापही लागत नाही. सांगायचे त्याने दोनदा मनात आणले होते. दोन्ही वेळा तो सोमवार होता.

"सोमवारी तू अशी दिसायचीस ना," तो म्हणाला, "की सांगितलं तर तू रविवार सोडशील, हे दिसत होतं."

"आणि उसळी? पहिल्याच दिवशी उसळी, ती कुठून आणलीस?"

"तुझ्या प्रस्तावातून. ठळक अक्षरांत होतं. तुझं चुकावं असं वाटेना गं."

तिला राग यायला हवा होता, आणि तो आलाही, पण त्याला बसायला जागा सापडेना. विभागात दहा वर्षे काढलेला माणूस ओले हात ॲप्रनला पुसत उभा होता, आणि त्याने केलेला गुन्हा होता तो तिच्यावरच्या मायेचा. तिचा सिद्धान्त, मॅडमना टाळ्या मिळवून देणारा, एका बापाने पोरीच्या कपाळावर पट्टी ठेवता ठेवता रचला होता. खरे फक्त एवढेच होते की शनिवार ते सोमवार या दोन दिवसांत रोपे वाढतात. पहिल्या दिवशी की दुसऱ्या, हे कुणीच पाहिले नव्हते. माझं नाव सांग, अक्षर माझंच आहे, असे मामा म्हणाला. ती वही घेऊन निघून गेली.

तो शुक्रवार होता. रविवारी ती आत्याकडे गेली, कारण न जाण्यासाठी काही कारण द्यावे लागले असते. तिसऱ्या डावाला आत्याचा हात मांडीकडे वळला आणि फूटपट्टीने तो मनगटाशी धरला. आतोबांचा चष्मा अर्धा पुसून थांबला. काका छताकडे पाहू लागले.

"आजवर दिसत नव्हतं का तुला?" आत्याने विचारले.

"दिसत होतं."

"मग आज काय झालं?"

फूटपट्टीने मनगट सोडले नाही. आत्याने सावकाश हात सोडवला, पान सतरंजीवर उताणे टाकले. तिला अपमान वाटला नव्हता. गोंधळ झाला होता. "अगं, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून तर मी करते," ती म्हणाली. "ठाऊक नसतं, तर ती चोरी झाली असती. मी काय चोर आहे?"

या वाक्यावर तिघेही हसले आणि डाव पुढे गेला. फूटपट्टी हसली नाही. नीतिशास्त्राची जाडजूड पुस्तके तिने पदवीच्या वर्षी परीक्षेपुरती वाचली होती. त्यांतल्या एकानेही इतक्या थोडक्यात काम उरकले नव्हते. तिच्या वह्या वाचणाऱ्याला काय ठाऊक असणार होते?

सोमवारी ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी बावीस वर्षांत एकही रविवार घेतला नव्हता, आणि ही गोष्ट त्या अशा सांगत जशी ती त्यांची दुसरी पदवी असावी. त्यांनी सगळे ऐकले, वही उलटसुलट पाहिली.

"कुणाचं अक्षर हे?"

"वही माझी आहे, मॅडम."

मॅडमना अक्षर ओळखू आले होते. पण उत्तरही आवडले होते, कारण त्याने सगळे एका जागी आणून ठेवले. त्या वेळी तू कुठे होतीस, असे त्यांनी विचारले. आत्याकडे, पत्ते खेळत, असे तिने सांगितले. मॅडमनी वही मिटली. आकडे खोटे आहेत यापेक्षा पत्ते खरे आहेत याचाच त्यांना अधिक त्रास झालेला दिसला. मग त्या मृदू आवाजात बोलू लागल्या. चाळिसातले सदतीस रविवार काढले तर प्रकरणच कोसळते. परिषदेत आलेख गेला आहे. "आणि असं बघ, त्याने मनाने लिहिले असतील, पण चूकच आहेत, हे कशावरून?"

हे वाक्य तिने मनात दोनदा वाचून पाहिले. त्यात दोष काढणे अवघड होते, आणि म्हणूनच ते भयंकर होते. बावीस वर्षे, रविवारी सुद्धा, या खोलीत बसून माणूस इतके गुळगुळीत वाक्य घडवू शकतो, हे तिने आजवर पाहिले नव्हते.

"चूक नसतीलही," ती म्हणाली. "पण मला माहीत नाही. आणि प्रबंधात मी लिहिलंय की मला माहीत आहे."

एक तुकडी पुन्हा करते, आठ आठवडे द्या, असे तिने सांगितले. म्हणजे यापुढे रविवारी येणार तर, मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात प्रथमच समाधान डोकावले. नाही, ती म्हणाली. पाणी मंगळवारी घालीन. म्हणजे निकाल बुधवारी आणि गुरुवारी, आणि ते दोन्ही दिवस मी स्वतः इथे असते. रविवारचा रकाना कोरा राहील, आणि तो कोरा का आहे हे पहिल्याच पानावर लिहीन.

"कोऱ्या जागा वाईट दिसतात," मॅडम म्हणाल्या.

"हो. दिसतात."

मुदतवाढीच्या अर्जावर कारणांची यादी छापलेली होती: आजारपण, विवाह, प्रसूती, कुटुंबातील मृत्यू, इतर. इतरपुढे दोन बोटे जागा होती. त्यात तिने लिहिले: रविवारची मोजमापे झाली नाहीत, झाली असे मी न पाहता मानले. मॅडमनी अर्ज ठेवून घेतला. सही करते म्हणाल्या नाहीत, करत नाही असेही म्हणाल्या नाहीत. जुनी मुदत संपायला बारा आठवडे होते; तेवढ्यात मोजणी मावली असती, नव्याने लिहिणे नाही. रोपे लावायची तर सहीची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. तिने शहाण्णव कुंड्या भरल्या. मामा माती चाळायला आला. तिने त्याला हाकलले नाही, पण वहीही त्याच्या हाती दिली नाही. त्यालाही ते कळले. गुरुवारी त्याच्या पेटीचे तापमान ती बघतच राहिली.

चौथ्या आठवड्यापासून अर्ध्या रोपांची तहान सुरू झाली. मंगळवारी तिने पाणी घातले. बुधवारी नऊ वाजता पट्टी काढली आणि तहानलेल्या रांगेतल्या पहिल्या कुंडीपाशी वाकली. एकशे बेचाळीस, काल एकशे बेचाळीस होती. दुसरी, तीच. तिसरीत अर्धा मिलिमीटर, पट्टीच्या नजरचुकीत मावेल इतका. विसाव्या कुंडीपर्यंत तिला अंदाज आला, तिसाव्यापर्यंत खात्री. तहानलेली रोपे पाणी पिऊन जागची हललीही नव्हती. ठळक अक्षरांतले वाक्य चूक होते. आलेख चूक होता. टाळ्या चूक होत्या.

दार वाजले. मॅडम आत आल्या. त्यांनी तिच्या हातातली पट्टी मागून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि चार रोपे स्वतः मोजली. पाचव्यापाशी त्या जरा वेळ तशाच वाकून राहिल्या. किती वर्षांनी त्यांनी पानाला हात लावला होता, कोण जाणे.

"आज काही नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही."

"उद्या असेल."

"असेल. किंवा नसेल. उद्या मोजते."

मॅडमनी पट्टी परत दिली. टेबलावर वही उघडी होती. मागच्या आठवड्याच्या पानावर रविवारचा रकाना वरपासून खालपर्यंत पांढराफटक पडलेला होता. त्यांनी तो पाहिला, ओठ आवळले, आणि खिशातून घडी घातलेला अर्ज काढून वहीवर ठेवला. सही केलेली होती. सहीच्या वर, कारणाच्या ओळीतले एकही अक्षर न खोडता, त्यांनी आपल्या कोरीव अक्षरांत भर घातली होती: मार्गदर्शकानेही पाहिले नाही.

त्या निघून गेल्यावर फूटपट्टीने अर्जाची घडी पुन्हा नीट घातली. अजून चाळीस कुंड्या उरल्या होत्या. ती सत्तावन्नाव्या रोपापाशी वाकली आणि पानाला पट्टी लावली.