बॉनेटपुढची जागा

"तिसरी चक्कर आहे ही," मर्ल म्हणाला. "इथंच मुक्काम करायचा विचार आहे का आपला?"

आर्डिसने काचेतून पाहिलं. डायलिसिस केंद्राच्या दारासमोर दोन गाड्यांच्या मधली जागा रिकामी होती. जुनी गाडी तिने एका हाताने आत घातली असती. आज तीच जागा बादलीत घागर बसवायला सांगितल्यासारखी वाटत होती. तिने पुन्हा एक वळसा घेतला आणि आवाराच्या अगदी टोकाला, जिथे कुणीच गाडी लावत नाही तिथे, दोन पट्ट्यांवर आडवी अशी गाडी थांबवली. मग गिअरसाठी उजवा हात खाली गेला. तिथे काहीच नव्हतं. या गाडीत गिअरचा दांडा वर, स्टिअरिंगच्या बाजूला होता. सकाळपासून दहाव्यांदा तिचा हात हवेत आपटला.

"आता इथून दारापर्यंत न्यायला दुसरी गाडी मागव," मर्ल म्हणाला.

"चालायचं थोडं. डॉक्टर सांगतातच तुम्हाला."

मागच्या सीटवर फर्न ओल्डेनकॅम्प शांतपणे पर्स सावरत होत्या. "आर्डिस, मला उतरवतेस का गं? इथून उडी मारली तर मशीनची गरजच उरायची नाही."

आर्डिस उतरली, म्हणजे जवळजवळ घसरलीच. मागून स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल काढून तिने दाराखाली ठेवलं आणि बाईंना दोन्ही हातांनी धरून खाली घेतलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, वाकलेल्या, जेमतेम साडेचार फुटांच्या बाई. तिसरीच्या वर्गात त्यांनी आर्डिसला पाढे शिकवले होते. आर्डिस आता एकसष्ट वर्षांची होती, तरी तोंडातून 'बाई'शिवाय दुसरं काही येत नसे.

व्हेल्टन हे आमचं गाव नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत आहे. माणसं शंभरच्या आसपास, गुरं मोजायच्या पलीकडे. आर्डिस व्होबोरिलने सत्तावीस वर्षं गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. शाळा बंद पडली तेव्हा तिने ज्येष्ठ नागरिक केंद्राचं हे ड्रायव्हरचं काम धरलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सत्त्याऐंशी मैल शहरात जायचं, चार तास थांबायचं, सत्त्याऐंशी मैल परत यायचं. लग्न तिने केलं नाही. आईला शेवटपर्यंत सांभाळलं. जन्मात तिने चार गाड्या वापरल्या, चारही छोट्या, जमिनीला टेकलेल्या. गाडी तिला अंगात घातलेल्या स्वेटरसारखी लागायची, बाह्या कुठे संपतात ते न बघता कळायला हवं.

ज्येष्ठ नागरिक केंद्राची गाडीही तशीच छोटी होती. ऑक्टोबरात तिला हरणाने धडक दिली, ती दुरुस्त होते न होते तोच पहिल्या बर्फात ती रस्त्यावरून खाली उतरली. दोन फेऱ्या चुकल्या. दुसरी चुकली तेव्हा मर्लचे पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते आणि बाईंना श्वास लागला होता. म्हणून केंद्राने शेजारच्या गावच्या अग्निशमन दलाकडून त्यांची जुनी गाडी घेतली. दिसायला मोटार, पण ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली. बाजूला पुसट झालेला लाल पट्टा, आणि पुढे बॉनेट केवढं, त्यावर चौघांचं जेवण मांडता आलं असतं.

केंद्राची व्यवस्थापक ट्रूडी किल्ली देताना म्हणाली होती, "बर्फात रणगाडा आहे हा, आर्डिस. चिंताच सोड."

चिंता सुटली नाही. नुसती जागा बदलून बसली.

सीटवर दोन उशा घातल्यावर आर्डिसला बॉनेटचं टोक दिसायचं. उशा घातल्या की पाय ब्रेकवर नीट पोचायचे नाहीत. ब्रेक दाबला की गाडी आधी नाक खाली घालायची आणि मग सावकाश थांबायची. वळणावर सगळं धड एका अंगावर झुकायचं. उघड्या माळावर वारा सुटला की दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवावं लागे. रात्री झोपताना खांदे उशीला लागले तरी दुखायचे.

मर्ल कुझाक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. त्याने चाळीस वर्षं गुरांचा ट्रक चालवला होता, ओमाहापर्यंत, डेन्व्हरपर्यंत. मधुमेहाने डोळे अधू झाले तेव्हा त्याचा परवाना गेला, मग मूत्रपिंडं गेली. परवान्याचं दुःख त्याला जास्त होतं. तो पुढच्या सीटवर बसायचा आणि बोलायचा.

"ब्रेकवर उभी काय राहतेस? नऊ महिन्यांची गाभण गाय आहे ही. तिला हळू सांगायचं. आधी सांगायचं."

"सांगते आहे."

"सांगत नाहीस, तू खेकसतेस. आणि बॉनेट काय बघतेस सारखी? बॉनेट कुठं पळून जात नाही. लांब बघ. त्या पवनचक्कीकडे बघ."

"मर्ल, तुम्हाला दिसते का ती पवनचक्की?"

"नाही दिसत. पण आहे ना तिथं? ती कुठं जाणार?"

मागून बाई हसायच्या.

ते दोघं चार तास मशीनला जोडलेले असत तेव्हा आर्डिस जवळच्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या आवारात जायची. आधी तिथे ती छोट्या गाडीत बसून विणकाम करायची, डुलकी काढायची. आता तिने घरून दोन प्लास्टिकच्या बादल्या आणल्या. बादल्या मांडायच्या, गाडी मधून काढायची, उतरायचं, बादली फुटली का बघायचं, पुन्हा चढायचं. त्या मोकळ्या जागेत एकसष्ट वर्षांची बाई थंडीत बादल्या हलवताना बघून एकदा एका पोलिसाने गाडी थांबवून विचारलं होतं, "सगळं ठीक आहे ना, मॅडम?"

"शिकते आहे," ती म्हणाली.

"कशासाठी?"

याचं उत्तर लांबलचक होतं आणि तिला थंडी वाजत होती. "शुक्रवारसाठी," ती म्हणाली.

जानेवारीतल्या एका बुधवारी संध्याकाळी ती गोष्ट झाली.

बाईंच्या घरापुढे आर्डिसने गाडी थांबवली. स्टूल ठेवून त्यांना उतरवलं, पायरीपर्यंत पोचवलं, कठड्यावर त्यांचा हात टेकवला आणि परत येऊन गाडीत चढली. उशा सारख्या केल्या, पट्टा लावला. मर्लच्या शेतावर अजून नऊ मैल जायचं होतं. तिने आरशात पाहिलं, मागे पाहिलं, समोर पाहिलं. रस्ता रिकामा होता. ब्रेकवरचा पाय सैल केला.

"थांब!" मर्ल ओरडला.

तिने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी हातभर सरकून थांबली.

"लाल," मर्ल म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "पुढं काहीतरी लाल हललं."

बॉनेटच्या कडेवर लोकरीचा एक लाल गोंडा होता. बाईंच्या टोपीचा. बाई घरात गेल्याच नव्हत्या. रस्त्यापलीकडच्या पेटीतलं टपाल काढायला त्या वळल्या होत्या आणि थेट गाडीच्या पुढून चालल्या होत्या. आर्डिस धावत पुढे गेली तेव्हा त्यांचा एक हात गाडीच्या लोखंडी जाळीवर टेकलेला होता, दुसऱ्यात काठी होती.

"काय गं? काय झालं?" त्यांनी विचारलं.

आर्डिसने बाईंचं टपाल आणून दिलं, त्यांना घरात नेऊन बसवलं, दिवा लावला. मर्लला घरी सोडेपर्यंत ती ताशी वीस मैलांनी गाडी चालवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने किल्ली ट्रूडीच्या टेबलावर ठेवली.

"मला नाही जमत. मला ती गाडी दिसतच नाही कुठं संपते ते."

ट्रूडीने किल्लीला हात लावला नाही. "दुसरं कोण आहे सांग. केंद्रातल्या हॅरिएटला आता रस्ता दिसत नाही. मला इथून हलता येत नाही. शहरातल्या वृद्धाश्रमात दोन खोल्या आहेत म्हणे, मशीनच्या जवळच. मर्लच्या मुलाशी बोलते मी. बाईंचं तर कुणी नाहीच, त्यांच्याशीच बोलावं लागेल."

आर्डिस घरी आली आणि कोट न काढता बसून राहिली. दुपारी फोन वाजला.

"ट्रूडीचा फोन आला होता," बाई म्हणाल्या. "खोलीला खिडकी आहे म्हणाली. जसं काही मी खिडकीच मागत होते."

"बाई, मी तुम्हाला चिरडलं असतं काल."

"हो."

आर्डिसला वाटलं होतं त्या नाही म्हणतील.

"तू मला दिसत होतीस," बाई म्हणाल्या. "काचेमागं तुझं डोकं स्वच्छ दिसत होतं. मला वाटलं, मला ती दिसते म्हणजे तिला मी दिसते. चौऱ्याऐंशी वर्षांची झाले तरी माणूस असं समजून चालतं बघ. आता कळलं. आता मी पुढून जाणार नाही, आणि तू निघायच्या आधी खाली उतरून बघशील. झालं. यात रडण्यासारखं काय आहे?"

"मी रडत नाहीये."

"मग नाक पूस. उद्या शुक्रवार आहे. साडेआठ वाजता."

त्या दिवसापासून आर्डिस प्रत्येक वेळी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारू लागली, पत्र्यावरून हात फिरवत. बर्फ असो, चिखल असो. मर्ल आतून विचारायचा, "झाली का फेरी? गाय दूध देते का आज?"

फेब्रुवारी असाच गेला. गाडी कधी अंगवळणी पडली ते तिला नेमकं सांगता येणार नाही. तिने उशी एकच ठेवली. हात गिअरसाठी खाली जायचा बंद झाला. मर्लच्या सूचना कमी झाल्या, आणि तिला वाटलं, आपण सुधारलो. ते अर्धंच खरं होतं. मर्ल थकला होता. मशीनवरून उठल्यावर त्याचा रंग राखेसारखा व्हायचा. परतीच्या वाटेवर तो काचेला डोकं टेकून बसायचा.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी परत येताना बाई मागे झोपल्या होत्या. जोराचा वारा होता. बर्फ जाऊन टेकड्यांवर नुकतं हिरवं दिसायला लागलं होतं.

"सोमवारी माझ्याकडे येऊ नकोस," मर्ल म्हणाला.

"का? कर्ट नेणार आहे का?" कर्ट त्याचा मुलगा.

"कर्ट कुठं नेतोय."

मग तिच्या लक्षात आलं. तिने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"रस्ता बघ," तो म्हणाला. "डॉक्टरला सांगून आलोय आज. कर्टला माहीत आहे. तीन वर्षं झाली, आर्डिस. आठवड्यातले तीन दिवस मशीनवर आणि उरलेले त्यातून सावरण्यात. वासरं जन्मताहेत घरी आणि मी सोफ्यावर. आता पुरे."

"किती दिवस...?"

"आठ. दहा. घोड्यासारखा माणूस असला तर बारा. मी काही घोडा नाही."

समोरून गुरांचा ट्रक येत होता, दुमजली, लांबच लांब. आर्डिसचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात सोडता येत नव्हता. ट्रक बाजूने गेला तशी हवेची भिंतच येऊन आदळली. या गाड्यांना अशा वेळी ट्रक आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. तिने आधीच स्टिअरिंगवर थोडा भार दिला होता, आणि ट्रक संपता संपता काढून घेतला. पट्टी सोडून चाक बोटभरही सरकलं नाही.

मर्लने डोळे मिटले होते. "बघ," तो म्हणाला. "हललीसुद्धा नाही."

गावात आर्डिसने बाईंना जागं करून घरात पोचवलं आणि गाडीभोवती फेरी मारली. शेतावर तिने त्याला उतरवलं, दारापर्यंत नेलं. दारात त्याने तिचा कोपर धरून ठेवला, मग सोडला. "बाईंना उद्या सांग," तो म्हणाला. "आज झोपू दे त्यांना."

मर्ल नवव्या दिवशी गेला. दफनाला वारा इतका होता की पाद्र्याचं बोलणं मागच्या रांगेपर्यंत पोचलं नाही. चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच आणि बटाट्याचं सॅलड होतं. ते सॅलड आर्डिसने शाळेत करायची तेवढ्याच मोठ्या पातेल्यात केलं होतं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. तिने बाईंना घेतलं आणि शहरात नेऊन आणलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. बाईंना घेऊन ती गावाबाहेर पडली. मनात काही विशेष नव्हतं. झोप कमी झाली होती, गुडघा दुखत होता. बाई मागे वर्तमानपत्र वाचत होत्या. गाडी डांबरी रस्ता सोडून खडीवर आली तेव्हा चाकांचा आवाज बदलला, आणि तिला कळलं की आपण मर्लच्या शेताच्या वाटेला लागलो आहोत. अर्धा मैल आत आलो आहोत.

तिने आरशात पाहिलं. बाईंनी वर्तमानपत्र खाली केलं होतं.

"तुम्ही सांगितलं का नाही मला?"

"मला वाटलं, तुला यायचं असेल," बाई म्हणाल्या.

आर्डिसने गाडी थांबवली. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण. आणि समोरच्या चढावरून गुरं येत होती. कर्ट कळप उन्हाळ्याच्या कुरणात हलवत होता. काळ्या गाई, त्यांच्या पायांत घोटाळणारी वासरं, सगळी वाट भरून. मागे घोड्यावर कर्ट. त्याने गाडी ओळखली असावी. हात वर केला, आणि तो वर केलेला हात मध्येच थांबला, जणू या गाडीत आता वडील नाहीत ते त्याला आठवलं. मग त्याने टोपीच्या कडेला बोट लावलं.

इथे गाडी वळवायला जागा नव्हती.

आर्डिसने मागे टाकायचा गिअर टाकला. डावा आरसा, उजवा आरसा. गाडी सावकाश मागे निघाली, आणि गुरं तिच्यामागोमाग चालत राहिली, बॉनेटपासून दहा-बारा फुटांवर, न घाबरता, न थांबता. पुढची एक म्हातारी गाय मान हलवत थेट काचेकडे बघत होती.

"आपण उशिरा पोचणार," आर्डिस म्हणाली.

"पोचू," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा नीट केला आणि पुढे वाकून बघत राहिल्या. "सतरा वासरं दिसताहेत मला. तू मागे बघ. पुढचं मी सांगते."