शाई वाळेपर्यंत

"सिस्टर, चांगला गुडघा उघडला आपण," डॉक्टर म्हणाले. "आत सगळं ठणठणीत होतं. तेव्हा कागद पाहिला."

ऑपरेशन थिएटरच्या दाराशीच त्यांनी मला गाठलं होतं. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. टेलरमास्तरांचा डावा गुडघा दुखत होता आणि टाके उजव्याला पडले होते.

सत्तावीस वर्षं मी या वॉर्डात आहे. ऑपरेशनच्या जागेजवळ शाईने बाण काढायचं काम माझं. सकाळी मास्तर म्हणालेसुद्धा, "खडू देऊ का सिस्टर? तुमची रेघ वाकडी आली." गुडघ्याच्या वर, आतल्या अंगाला बाण काढला होता, तोही डावीकडेच. पण आता बाण उजवीकडेही होता. तो कुणी काढला? मी नाही. शपथेवर सांगितलं असतं.

हॉस्पिटलचे मोठे साहेब धावत आले. "दोन्ही गुडघे खराब होते, उजवा आधी केला, एवढंच सांगा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

दुपारी मास्तर नीट शुद्धीवर आले, तेव्हा डॉक्टर सरळ त्यांच्या खाटेशी गेले आणि स्टूल ओढून बसले. मी मागे उभी होते.

"मास्तर, माझ्या हातून चूक झाली. तुमचा चांगला गुडघा कापला मी. कागदावर डावा लिहिलं होतं. मी नुसता उजव्यावरचा बाण पाहिला. मला माफ करा."

मास्तरांची बायको आधी हसली. तिला चेष्टाच वाटली. मग तिच्या हातातला पेला तसाच राहिला. "अहो, काय म्हणतायत हे?"

मास्तरांनी उजव्या पायावर हात ठेवला. "मशीन मी याच पायाने चालवतो हो."

"चालवाल. पण दोन-तीन महिने जातील. आणि डावा अजून करायचाच आहे. तो मी करायचा की दुसऱ्या कुणी, ते तुम्ही ठरवा."

"दुसरा बाण काढला कुणी?"

"तेच कळत नाही. शोधतोय आम्ही."

मास्तरांनी चादर वर केली. पट्टीच्या वर उजवा बाण दिसत होता, फिकट. डावा पसरलेला. दोन्ही बरोबर समोरासमोर. त्यांचा अंगठा एकावरून दुसऱ्यावर गेला.

"कुणीच नाही," ते म्हणाले. "कापडावर खडूने खूण करायची, घडी घालायची, वरून थोपटायचं. दुसऱ्या बाजूला आपोआप उमटते. आम्ही मुद्दाम करतो तसं. सिस्टर गेल्या, मला थंडी वाजत होती. कुशीवर वळलो, गुडघे जुळवून."

शाई वाळेपर्यंत बसायचं, गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची, हे नव्या पोरींना मीच शिकवते. सकाळी वॉर्डातून हाक आली आणि मी उठले होते. दारात उभे राहून मोठे साहेब मला डोळ्यांनी गप्प करत होते.

"शाई ओली होती, मास्तर. मी वाळेपर्यंत थांबले नाही. चूक माझी."

मास्तरांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"म्हणजे घडी मीच घातली," मास्तर म्हणाले, आणि रडायला लागले.

"तुम्ही नुसते कुशीवर वळलात," डॉक्टर म्हणाले. "चूक आमची."

तीन महिन्यांनी मास्तर काठी टेकत डाव्या गुडघ्यासाठी आले. डॉक्टर तेच हवेत म्हणाले, बाणही मीच काढायचा म्हणाले. मी काढला आणि फुंकर घालत बसले. उशी ठेवायला गेले, तर त्यांनी दोन्ही गुडघ्यांमध्ये स्वतःची मूठ रोवली होती. वॉर्डातून दोनदा हाक आली. मी उठले नाही.

"वाळली, मास्तर," मी बोट लावून दाखवलं.

त्यांनी मान हलवली. मूठ काढली नाही.