उंदीर सोडणाऱ्या घरातला टेरियर

मित्रांनो, मी एक म्हातारा टेरियर कुत्रा आहे. अंगाने पांढरा, एका डोळ्यावर तपकिरी डाग, शेपूट आखूड. बिळातले उंदीर हुडकणे हे आमच्या जातीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. धरणगावात माझ्या जातीचा दुसरा कुत्रा मी कधी पाहिला नाही. गल्लीतले कुत्रे मला जवळ करत नाहीत.

माझा जन्म भुसावळच्या एका रेल्वे बंगल्यात झाला. तिथल्या साहेबांनी माझे नाव टॉबी ठेवले होते. मी उंदीर आणला की ते पाठीवर थाप मारत आणि बिस्कीट देत. सहासष्ट साली साहेब कायमचे परदेशी गेले. टांग्यात सामान चढले, मुले चढली. मला कोणी चढवले नाही. मी फाटकापाशी बसून राहिलो. नव्या बिऱ्हाडाने हाकलले, तरी पुन्हा तिथेच येऊन बसे.

तिथे घेवरचंद शेटजींनी मला पाहिले. धरणगावला त्यांची कापसाची वखार होती. माझ्या बरगड्या पाहून त्यांना कळवळा आला आणि ते मला घरी घेऊन आले. "थोडे दिवस सांभाळू. अंग धरलं की चांगलं घर पाहून देऊन टाकू," ते सर्वांना सांगत.

त्यांच्या पत्नी सुगनबाई. त्यांना टॉबी म्हणता येईना, म्हणून मी टोपी झालो. मारवाडी जैनांचे घर, अंधार पडल्यावर कोणी जेवत नसे. दिवस मावळायच्या आत "टोपी, आव रे!" अशी हाक येई आणि दूध-पोळी मिळे. त्यांना मूलबाळ नव्हते. दुपारभर त्या माझ्याशीच बोलत बसत. हे घर सुटू नये, एवढेच मला वाटू लागले.

वखारीत उंदीर फार. सुगनबाई पिंजरा लावत. सकाळी तो गावाबाहेर नेत, दार उघडत, आणि उंदीर पळून जाई. मी सोबत असे. मला सुगनबाईंची फार कीव येई. बिचारीच्या हातून रोज उंदीर निसटतो! हिला कोणी शिकवलेच नाही. आपण मदत केली, तर हे लोक आपल्याला ठेवून घेतील.

एके दिवशी मी वखारीतला सर्वांत दांडगा उंदीर मारला आणि त्यांच्या पायांशी आणून ठेवला. शेपूट हलवत थापेची वाट पाहिली.

"अरे, ओ कांई कर्यो रे!" सुगनबाई किंचाळल्या.

त्यांनी उपवास धरला. मला दाव्याने बांधले. वाटी पुढे सरकवताना त्या तोंड फिरवत.

"दया करून आणला, आणि घरात हत्या झाली," शेटजी म्हणाले.

फैजपूरचे केळीवाले लीलाधरभाऊ त्यांच्या ओळखीचे. ते म्हणाले, "मले द्या, शेटजी. माह्या वावरात उंदरं लय झाले. आठ दिवस पाहातो. कामाचा असला त ठेवतो."

फैजपूरच्या केळीत उंदीर माझ्या समोरून धावत. माझे अंग थरथरे. पण मी पंजे मातीत रोवून बसे. उंदीर मारला की घर जाते, हे मी शिकलो होतो.

"धर! धर!" लीलाधरभाऊ ओरडत. मी दुसरीकडे पाही.

"काय भो लीलाधर," शेजारी म्हणे, "कुत्रा आणला का महाराज?"

आठवडा संपला आणि त्यांनी मला परत आणले. "घ्या, शेटजी, तुमचा जैन कुत्रा. उंदीर नाकावरून गेला त डोये मिटतो!"

शेटजी हसले. सुगनबाई हसल्या नाहीत. त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या.

"म्हारै डर सूं ओ आपरो काम भूल गयो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या गळ्यातले दावे सोडले. "अब ओ कठै ई कोनी जावै."

मी कुठेच गेलो नाही. घर मिळाले, माया मिळाली. पण अजूनही वखारीत खुडखुड झाली की माझे पाय थरथरतात, आणि ते कोणाला सांगावे हे मला कळत नाही. आमच्या जातीची ती भाषा जाणणारा इथे कोणी नाही.

मित्रांनो, टाकलेला प्राणी घरी आणाल, तर तो कोणत्या कामासाठी जन्मला ते आधी समजून घ्या. त्याने काही भलतेच केले, तर दावे शोधण्याआधी त्याच्यापुढे बसा आणि विचारा, "तू हे कशासाठी केलेस?" तो उत्तर देणार नाही. तरी विचारा. विचारायला माणूस खाली बसतो, आणि तेवढ्यात त्याला आमचे डोळे दिसतात.