आक्काताईंना पावलं ऐकवणारं साउंड कार्ड

मी साउंड कार्ड बोलतोय. आता ऐटीत बोलतोय खरा, पण आष्ट्याच्या या घरात आलो तेव्हा माझ्या तोंडून धड एक शब्द फुटत नव्हता.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते सांगलीतल्या एका दुकानाचं काचेचं कपाट. १९९५ च्या दिवाळीत गोमटेश नावाच्या तरुणाने मला आणि दोन छोट्या स्पीकरना तिथून उचललं आणि भाऊबीजेला थेट बहिणीच्या ओवाळणीच्या ताटात ठेवलं. घरातले सगळे साडीच्या आशेने माना उंचावून बसले होते, त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. बहीण प्रीतीने मात्र आनंदाने उडी मारायचीच बाकी ठेवली.

प्रीतीचं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा शिरवळच्या कारखान्यात, शनिवारी घरी यायचा. आठवडाभर आष्ट्यात ती, सासू आक्काताई, सासरे धन्यकुमार आणि घराला लागून असलेलं त्यांचं खताचं दुकान. दुकानात बिलांसाठी कॉम्प्युटर होता. दुपारी दुकान बंद झालं की तो प्रीतीच्या ताब्यात. माहेरी भावासोबत खेळलेला एक खेळ तिने फ्लॉपीवरून इथे आणला होता. किल्ल्यात कैद झालेल्या माणसाने शिपायांच्या तावडीतून बाहेर पडायचं, असा. पण या मशीनचा मूळचा भोंगा नुसता 'टूं टूं' करायचा. शेजारी भाऊ नाही, खेळाला आवाज नाही, बोलायला कोणी नाही. पोरगी अगदी एकटी पडली होती. माझा आवाज निघाला तर माहेरचं काहीतरी तिच्या सोबतीला राहणार होतं. म्हणून मला जीव तोडून बोलायचं होतं.

पण बोलू कसा? कॉम्प्युटरच्या पोटात प्रत्येकाला मेंदूला हाक मारायला एक नंबर लागतो. माझा सात, आणि आधीपासून ठाण मांडून बसलेल्या प्रिंटरचाही सातच! मी हाक मारली की तो अडखळायचा, त्याने मारली की मी. खेळातल्या दाराची करकर एकाच जागी 'कर्र कर्र कर्र' अशी अडकायची आणि मशीन गप्प. प्रिंटरनेही डूख धरला. अर्धं बिल छापून तो ढिम्म बसला, आणि गिऱ्हाईक उभंच.

"पोरी, तुझ्या भावानं दिलंय म्हणून काय बोलत न्हाई," धन्यकुमार म्हणाले. "पर उद्या परत बिल अडकलं, तर ते हिरव्या पानागत कार्ड सांगलीला माघारी धाडायचं बघ."

त्याच दुपारी प्रीतीने कॉम्प्युटरची पेटी उघडली. मला बाहेर काढून, माझ्या अंगावरची इवलीशी प्लास्टिकची टोपी नखाने उपटून सातवरून पाचवर बसवली. मला जागेवर बसवून पुन्हा खेळ लावला. तरीही चिडीचूप! मी तर सांगलीच्या वाटेला लागल्यासारखाच होतो. इतक्यात तिने कपाळावर हात मारून घेतला. माझा नंबर बदलला, पण खेळाला कोण सांगणार? त्याच्या सेटअपमध्ये अजून सातच होतं. तिने पाच केलं आणि काय सांगू! दार असं करकरलं की मीच माझ्यावर खूश झालो. शेजारी प्रिंटरही चरचर करत अख्खं बिल छापून मोकळा झाला.

प्रीतीने खुशीत पहिल्याच शिपायाला गोळी घातली. मी जिवाच्या आकांताने किंचाळलो. काम चोख केलं, आणि तेच अंगाशी आलं.

पिठाच्या हातांनी आक्काताई धावत आल्या. "कोण वरडलं गं?"

"खेळातला शिपाई, आत्या. मी गोळी मारली त्याला."

"मारलंस? एवढं दिस बघतीया मी, मला वाटलं दमून निजत्यात ती."

"अहो, खोटं असतं ते."

"वरडला म्हंजे खराच की गं!"

पाणी गाळून पिणारं, दिवस मावळायच्या आत जेवणारं जैनाचं घर हे. माझ्या किंकाळीनं प्रीतीचं तोंड एवढंसं झालं. ती मशीन बंद करायला गेली, तर आक्काताईंनी तिचा हात धरला.

"रडतीस कशाला? त्यास्नी न मारता भाईर पडता येत न्हाई व्हय?"

असा विचार खेळ बनवणाऱ्यानेही केला नसेल! पण दोघींनी केला. बंदूक चालवायची नाही म्हटल्यावर उरले ते कान. शिपाई डावीकडून आला की मी डाव्या स्पीकरमधून बूट वाजवायचो, उजवीकडून आला की उजव्या. आक्काताई डोळे मिटून ऐकायच्या.

"थांब, थांब! डावीकडनं आला. भितीला चिकट. हां, गेला मुडदा... न्हाई न्हाई, गेला बिचारा. पळ आता!"

कितीदा पकडल्या गेल्या, कितीदा हसून लोळल्या! भाकऱ्या करपल्या, धन्यकुमार चहाची वाट बघून स्वतःच चूल पेटवायला शिकले. आणि एका दुपारी, एकाही जिवाला धक्का न लावता, त्या किल्ल्याचं शेवटचं दार उघडून दोघी बाहेर पडल्या. आक्काताईंनी सुनेला कवेत घेतलं. मी विजयाचे नगारे वाजवत होतो, पण कोणी ऐकलं असेल तर शपथ.

सध्या मी जरा निवांत आहे. अंगावर धूळ बसलीय, पण आवाज खणखणीत. प्रीती बाळंतपणाला माहेरी, सांगलीला गेलीय, मुलगी झालीय. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद मुका पडला असेल, तर त्याला भंगारात टाकू नका हो. त्याचा नंबर तेवढा तपासून बघा.

काल दुपारी आक्काताईंनी एकट्याने खेळ लावला. प्रीतीने सोयच करून ठेवलीय, एक अक्षर दाबलं की सुरू. बटणांना हात न लावता त्या डोळे मिटून नुसत्या बसून राहिल्या. मी डावीकडून बूट वाजवले, उजवीकडून वाजवले. त्या हलल्याच नाहीत. मग आतल्या दाराकडे तोंड करून धन्यकुमारांना हाक मारली.

"आवं, बारसं झालं की दुसऱ्याच दिशी प्रीतीला न् बाळाला घिऊन या. मला ऐकू समदं येतंय, पर 'पळ' म्हणायचं कुणाला?"