मीठपाण्यातली पाच मिनिटं

लातूर नवा जिल्हा झाला, त्याचं कौतुक सरतं न सरतं तोच दुष्काळ येऊन बसला. रेणापूरजवळच्या देवस्थानच्या तळ्यात कमरेएवढं पाणी उरलं आणि त्या गढूळात भुजंग भोयाचे बारा मोठे कटला मासे अंग घासत फिरू लागले. चपट्या उवा खवल्यांना चिकटलेल्या, चावल्या जागी जखमा लाल होऊन सडायला लागलेल्या. हे बियाण्याचे मासे. ते गेले की पुढच्या साली तळ्यात सोडायला पिल्लू नाही आणि भुजंगाला बायकोपोरांसकट ऊसतोडीला जाण्यावाचून गत्यंतर नाही.

मत्स्य खात्याच्या साहेबाने उपाय सांगितला होता. दाट मीठपाण्यात मासे सोडायचे. उवा गळतात, जखम धुतली जाते. पण पाचच मिनिटं. त्याहून जास्त वेळ राहिला तर मासाच मरतो.

अडचण श्रावणाची होती. श्रावणात या तळ्यात जाळं टाकायचं नाही, ही देवस्थानची रीत, आणि देवस्थान म्हणजे गावचा दुकानदार आणि देवळाचा पुजारी शिवप्पा. गळ्यात लिंग आणि जिभेवर निखारा. भुजंग दोनदा परवानगी मागायला गेला, दोनदा चारचौघांत हाकलला गेला. तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही. सोमवारी सकाळी गुळाची मोठी काहील काठावर आणली, पाणी भरून मीठ कालवलं आणि जाळ्यात आलेले बाराही मासे त्यात सोडले.

अभिषेकाची घागर तिथेच टाकून शिवप्पा धावत आला.

"भुजंग्या! श्रावणी सोमवारी जाळं? देवाच्या दारात हत्या?"

"हत्या न्हाई अप्पा, इलाज करायलोय. सरका, मासे काढू द्या."

"खबरदार! एका माशाला हात लावलास तर जाळं पेटवीन."

साठी उलटलेल्या शिवप्पाने त्याचं मनगट धरलं. भुजंगाच्या पोटात दोन खेपांचा अपमान साचला होता, तो नेमका आत्ता उसळला.

"तुमी कोन पेटवनार? तळं तुमच्या बापाचं हाय का? गाळ काढायला आमी, नारळ फोडायला तुमी!"

मग शिवप्पाने त्याची जात काढली, भुजंगाने शिवप्पाच्या दुकानातला खोटा तराजू काढला. बघे जमले. सोडवायला कोणी पुढे येईना. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? दोघंही इरेला पेटले होते आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्यात गोडी वाटत होती.

काहिलीतली फडफड थांबली, तेव्हा कुठे भुजंगाचं लक्ष गेलं. बाराही मासे पोट वर करून तरंगत होते. उवा मात्र गळून तळाशी बसल्या होत्या.

शिवप्पाने मनगट सोडलं. "बघ, म्हादेवानं दावलं," तो म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता.

भुजंगाला त्याचा गळा दाबावासा वाटला. हात उचलला आणि नजर मनगटावर गेली. म्हाताऱ्याच्या बोटांचा साधा वळसुद्धा तिथे उठला नव्हता; एका हिसक्यात हात सुटला असता.